रजईवरची फुलं

सासूबाईंनी रजईचं जळकं भोक दोन बोटांत धरलं, कडेचा काळा पडलेला कापूस चिमटीने उपटून काढला आणि वर तांबड्या कापडाचं फूल ठेवून पाहिलं. फूल लहान पडत होतं. त्यांनी डब्यातून दुसरं, मोठं काढलं. फुलं त्यांच्याकडे कापून तयारच असत.

"इस्त्री लागली म्हणायचं," सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या. "कुणी विचारलंच तर."

"कुणाच्या हातून लागली म्हणायचं, आई?" सुनेने विचारलं.

"तुझ्याच. या घरात इस्त्री दुसरं कोण करतं?"

सून गॅलरीच्या दारात उभी होती. थंडी सुरू झाली की दर रविवारी पांघरुणांना ऊन दाखवायचं, हा सासूबाईंचा कायदा. कठडा पांघरुणांनी भरून गेला होता. आतल्या खोलीत नवरा घोरत होता आणि रात्रीच्या दारूचा वास दाराबाहेरपर्यंत येत होता. लेकीला तिने मुद्दामच शेजारी खेळायला धाडलं होतं.

"भोक कुठे पडलंय पाहिलंत ना? पोरीच्या उशीशी. सिगरेट हातात तशीच, आणि हे ढाराढूर. वासाने मला जाग आली म्हणून. सकाळी वेणी घालायला घेतली तर केस जळून हातात आले तिचे."

"शेंडे छाटून टाक. नाहीतरी दुभंगलेच होते."

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने आवाज चढवला नाही. तिला भांडण जिंकायचं नव्हतं, पोर जळायला नको होती.

"तुम्ही एकदा सांगा त्यांना. माझं तर उडवून लावतात. खोलीत सिगरेट नको, एवढंच सांगा."

"दमूनभागून येतो गं तो. झोपेत होतं एखाद्या वेळी." सासूबाईंनी टाका घातला. टाका असा, की नखाने चाचपला तरी सापडू नये. "बाईमाणसाने जरा पांघरूण घालायला शिकावं. ऊठसूट सगळं चव्हाट्यावर मांडत बसू नये."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. सून वळली आणि तिची नजर कठड्यावरच्या जुन्या रजईवर पडली. नवऱ्याची ती लग्नाआधीची रजई. तिच्यावर तांबडी, पिवळी, निळी फुलंच फुलं. सासूबाईंच्या हातची कला म्हणून आल्यागेल्याला उलगडून दाखवली जाई. सुनेनेही नवी नवरी असताना तोंड भरून कौतुक केलं होतं. आज पहिल्यांदाच तिच्या ध्यानात आलं, की फुलं सगळी वरच्या अंगाला आहेत, छातीपाशी आणि तोंडापाशी. पायथ्याला औषधालाही एक नाही.

तिने शिवणाच्या डब्यातली कात्री उचलली आणि एक पिवळं फूल उसवलं.

"अगं, काय करतेस!"

फुलाखाली भोक होतं, तपकिरी कडांचं. दुसऱ्या फुलाखालीही भोक. तिसरं उसवायची गरज उरली नाही.

मग तिला ते दुकान आठवलं. लग्नाची खरेदी चालली होती आणि एक गुळगुळीत, मऊ ब्लँकेट तिच्या फार मनात भरलं होतं. सासूबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं होतं. "कापसाची रजईच द्या. हे असलं पेटलं की वितळून अंगाला चिकटतं." दुकानदार म्हणाला होता, "मावशी, ब्लँकेट पांघरायचं असतं, पेटवायचं नसतं!" सगळे खो खो हसले होते. तीही हसली होती, आणि म्हातारी भलतीच चिक्कू दिसतेय, असं मनात म्हणाली होती.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली.

सासूबाईंची सुई चालूच राहिली. "माहीत होतं म्हणूनच पारखून घेतली ना? कापूस धुमसतो, भडकत नाही. उठायला वेळ मिळतो माणसाला. आणखी काय करायला हवं होतं मी?"

सुनेने त्यांच्या मांडीवरची रजई ओढून घेतली. सुई दोऱ्याला लोंबकळत राहिली. तशीच रजईची घडी घालून ती सासूबाईंच्या खोलीत गेली आणि त्यांच्या गादीवर नेऊन टाकली. पाठोपाठ नवऱ्याची दुसरी उशी आली, त्याची चादर आली.

"आजपासून तुमचा मुलगा इथे निजेल. तुमच्या शेजारी. पांघरूण तुम्हीच घाला."

"माझ्या खोलीत?" सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "वेड लागलंय का तुला?"

"का? कापूस धुमसतो, भडकत नाही. उठायला वेळ मिळतो."

सासूबाई दाराशी येऊन आपल्या गादीकडे पाहत राहिल्या. पलीकडच्या खोलीतलं घोरणं मध्येच थांबलं, नवरा खोकला, काडेपेटीवर काडी ओढल्याचा आवाज आला. दोघीही कान देऊन ऐकत होत्या.

"त्याची गादी दाराकडे घाल," सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या गादीला लागून नको."