पोस्टमनचा वाटा

खाटकाने तिला दारातच पाहिलं आणि हातातला सुरा ठेवून तो फ्रीजकडे वळला.

"वहिनी, आज तुम्ही? पोस्टमनदादा कुठे दडी मारून बसलेत? आठवडा होत आला, इकडे फिरकले नाहीत. त्यांचा वाटा काढून ठेवलाय मी. चरबीचा, त्यांना लागतो तसा."

ती काही बोलायच्या आत त्याने पुडकं काउंटरवर ठेवलंसुद्धा. घरून निघताना तिने एक वाक्य ठरवून ठेवलं होतं. आता ते आठवेना. आठवत नाही याचं काही वाटेना. या दिवसांत तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. माणसं घरी येत, रडत, ती त्यांना पाणी देई.

काउंटरपाशी एक वयस्कर गृहस्थ काठीवर भार टाकून उभे होते. खाटीक त्यांना म्हणाला, "मघाशी सांगत होतो ना, त्या पोस्टमनच्या घरच्या या. आता मी कशाला बोलू? यांच्याच तोंडून ऐका."

"माफ करा हं, ओळख ना पाळख," गृहस्थ म्हणाले. "माझे गुडघे पार कामातून गेलेत. हा म्हणतो, तुमच्या यजमानांनी बाकी सगळं सोडलं, नुसतं मांस खाल्लं आणि सांधे मोकळे झाले. माझी मुलगी म्हणते, तुम्हाला वेड लागलंय. बाहेर गाडीत बसलीये ती, आत यायलासुद्धा तयार नाही. खरंच फरक पडतो का?"

"पडतो," ती म्हणाली.

"म्हणजे अगदी..."

"सूज उतरली. काठी सुटली. ऑफिसात टेबलाशी बसवलं होतं त्यांना, ते पुन्हा पत्रं वाटायला बाहेर पडले. पोट आत गेलं. रात्रीची झोप लागायला लागली."

दुसऱ्या कुणाचा पत्ता वाचून दाखवावा तसं ती सांगत होती.

"ऐकलंत?" खाटीक खूश झाला. "अहो, इथे, या फरशीवर उठाबशा काढून दाखवल्या होत्या त्यांनी. मी म्हटलं, दादा पुरे, गिऱ्हाइकं घाबरून पळतील!"

"आणि त्रास? काहीतरी झालाच असेल की."

"सुरुवातीला पोट बिघडायचं. तोंडाला वास यायचा. मग आमची जेवणं वेगळी झाली. ते त्यांचं ताट घेऊन खिडकीशी बसायचे, मी माझं घेऊन टेबलाशी. रक्त तपासलं तेव्हा डॉक्टर चिडले. कोलेस्टेरॉल भलतंच वाढलं होतं. गोळ्या घ्या म्हणाले, नाहीतर निदान चरबी तरी कमी करा. हे हसले. म्हणाले, आजारी तो कागद आहे, मी ठणठणीत आहे."

"अगदी दादांसारखं बोललात!" खाटीक हसला.

"मग आता कसे आहेत?" गृहस्थांनी विचारलं.

"गेले," ती म्हणाली. "मागच्या बुधवारी. हार्ट अटॅक."

ठरवलेलं वाक्य हे नव्हतं. ते याहून लांब होतं.

खाटकाने हात ॲप्रनला पुसले. मग पुन्हा पुसले.

"वहिनी," तो म्हणाला. त्याने पुडक्याकडे बोट केलं. "यानेच?"

"डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, छातीवर हात ठेवून नाही सांगता येत. यांचे वडीलही असेच गेले होते, याच वयात. पण नणंदेला पक्कं माहितीये. ती म्हणते, तूच करून घातलंस."

"असं कसं म्हणतात? तुम्ही काय..."

"करून मीच घालत होते."

तिने हे कुणाला दुखवायला म्हटलं नव्हतं. स्वतःलाही नाही. खाटीक मात्र खाली बघत राहिला. फळीवर अर्धवट कापलेला तुकडा होता, त्याला तो हात लावेना.

"हे आता नको," तिने पुडकं त्याच्याकडे सरकवलं. "तेवढंच सांगायचं होतं. उगाच दर वेळी काढून ठेवाल."

त्याने मान हलवली. ती वळली. दाराशी पोचली तेव्हा मागून काठीचा आवाज आला. गृहस्थ तिच्यामागे आले होते, धापा टाकत.

"एक विचारू? राग मानू नका. शेवटी फार दिवस अंथरुणात होते का?"

"नाही. त्या दिवशी सकाळी कामावर जायला तयार झाले होते. छातीत दुखायला लागलं, मी ॲम्ब्युलन्स बोलावली. ती माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली, तर त्यांना म्हणाले, ठेवा ते बाजूला, मी चालत येतो. मी ओरडले. ऐकलं नाही. बूट घातले, नाड्या स्वतः बांधल्या आणि तीन मजले उतरून गेले. कठड्याला हातसुद्धा लावला नाही."

गृहस्थांनी काचेतून रस्त्यापलीकडच्या गाडीकडे पाहिलं. गाडीत मुलगी फोनवर बोलत होती.

"तीन मजले?" त्यांनी विचारलं, मुलीला तिथवर ऐकू जाईल की काय अशा हळू आवाजात.