उलटी मुरड

"आई, एक खाऊन तर बघ. करंजी अशी लागते," सिद्धेश म्हणाला आणि त्याने सासूबाईंच्या ताटलीतली आणखी एक करंजी उचलली.

मनोरमाबाई हसल्या. आतून मात्र त्यांचा नुसता जळफळाट झाला. पोटच्या पोराने विरारला सासुरवाडीच्या सोफ्यावर बसून, विहिणीच्या देखत हे म्हणावं? शेजारी जयवंतरावही डायबेटिस विसरून निमूटपणे चरत होते. नवऱ्यानेही पक्ष बदलला म्हणायचा.

सिद्धेश दिवाळसणाला इथे जेवून गेला, तेव्हापासूनच हे सुरू होतं. दर दिवाळीला वसईच्या घरी करंज्यांचा डबा उघडला की त्याचं वाक्य ठरलेलं. छान झाल्यात गं आई, पण उन्नतीच्या आईच्या कशा खुसखुशीत असतात. तो 'पण' मनोरमाबाईंच्या घशात काट्यासारखा अडकून बसला होता. विहीणबाई विनिताताईंकडून फराळाचा डबा आला की त्या तो न उघडताच खाली वॉचमनला देऊन टाकत. त्या माणसाची दिवाळी मजेत जात असे.

वाईट याचंच की करंजी हा त्यांचा हातखंडा पदार्थ. मुलगा-सून ऑफिसला गेले की भजनाला जाते म्हणून त्या घराबाहेर पडत आणि थेट सांडोरला ॲनीच्या घरी जात. ॲनीच्या पडवीत बायका जमून ऑर्डरचा फराळ करत. दिवाळीला करंज्या-चकल्या, नाताळला कलकल आणि केक. सिद्धेशला कळलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. इंजिनिअरची आई लोकांच्या करंज्या लाटते म्हणजे काय! पण मनोरमाबाईंचा जीव रमायचा तो तिथेच. त्या डावखुऱ्या होत्या, त्यामुळे इतर बायकांच्या करंजीची मुरड ज्या बाजूला कलायची, त्याच्या बरोबर उलटी यांची. ॲनी त्यावरून त्यांची थट्टा करायची, पण ढिगातून त्यांच्या करंज्या वेचून बाजूलाही ठेवायची. एका गिऱ्हाइकाला म्हणे त्याच लागत. कोण कुठली बाई, पण मनोरमाबाईंना तिच्याबद्दल फार माया वाटे. चला, कुणाला तरी आपल्या हाताची किंमत आहे.

तिथे मोहन साजूक तुपाचं, सारण गच्च. घरी मात्र यांच्या डायबेटिसपायी साखर बेताची, तूप वनस्पती, आणि ऑर्डरी उरकून दमलेला हात. घरच्यांना काय, चालतं.

"घ्या ना," विनिताताईंनी ताटली पुढे केली. आता टाळायची सोय नव्हती. मनोरमाबाईंनी दोन बोटांत धरून एक करंजी उचलली, खोट काढायच्या तयारीनेच. आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

मुरड उलटी होती.

त्यांनी दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या तशाच. मुलाला करंजीतलं सारण दिसतं, मुरड कधी दिसत नाही. पण आईला आपली बोटं ओळखू येणार नाहीत? म्हणजे ही बाई ॲनीकडून विकत आणते आणि स्वतःच्या म्हणून मिरवते! इतकी वर्षं आपण जळलो ते आपल्याच करंज्यांवर!

सांगून टाकावं. भजनाचं बिंग फुटलं तरी बेहत्तर, सिद्धेश चार दिवस बोलणार नाही, न बोलू दे. पण हिचं तोंड उतरलेलं एकदा डोळे भरून पाहायचं.

"विनिताताई, या करंज्या..." त्यांनी सुरुवात केली.

उन्नती एकदम चुळबुळली आणि खिडकीबाहेर बघू लागली. विनिताताई ताटली पुढे धरून उभ्या होत्या. त्या मनोरमाबाईंकडे बघतच नव्हत्या, बघत होत्या जावयाच्या तोंडाकडे. ती नजर मनोरमाबाईंच्या चांगली ओळखीची होती. घरी डबा उघडताना त्या स्वतः सिद्धेशच्या तोंडाकडे अशाच बघत.

मनोरमाबाईंनी करंजीचा तुकडा मोडला. "या करंज्या मला जन्मात जमायच्या नाहीत," त्या म्हणाल्या.

"मग? मी काय म्हणतोय!" सिद्धेश खूश झाला.

निघताना विनिताताईंनी त्यांना डबा भरून द्यायला म्हणून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. वेळेवर सांभाळून घेतलंत, असं त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. जन्म चर्चगेटच्या ऑफिसात गेला, करंजी कधी हातून झाली नाही. दिवाळसणाला ॲनीकडून आणल्या, जावयांनी तोंड भरून कौतुक केलं आणि खरं सांगायची वेळ निघून गेली.

"मग तुमच्याकडचा डबा आला आणि तीच उलटी मुरड बघून मी चाटच पडले," त्या एकेक करंजी डब्यात रचत म्हणाल्या. "तेव्हापासून ॲनीला सांगते, उलट्या मुरडीच्याच द्या. जावयांना दुसऱ्या चालत नाहीत."

ॲनीचं ते गिऱ्हाईक मनोरमाबाईंसमोर उभं होतं.

विनिताताईंनी झाकण घट्ट लावलं आणि डबा त्यांच्या हातात दिला.

"एवढं मात्र करा, मनोरमाताई. पुढच्या दिवाळीला घरच्यांसाठीही अशाच करा. म्हणजे मी सुटले."