एकच पत्ता

बर्फावर कर्लिंग खेळणाऱ्यांच्या क्लबच्या हॉलमध्ये दोन माइक लावले होते. भाड्याच्या घरांना लायसन्स हवं म्हणणाऱ्यांनी डावीकडे उभं राहायचं, नको म्हणणाऱ्यांनी उजवीकडे. हेल्मी रंटाला उजवीकडच्या रांगेत पर्स पोटाशी धरून उभी होती. तिच्या पुढे एक घरमालक होता, त्याची बारा घरं. मागे दुसरा, त्याची किती ते त्यालाच ठाऊक. हेल्मीचं आपलं एकच घर, आणि त्याच्या तळघरात भाड्याने दिलेली एक खोली.

आमच्या नगरपालिकेला लोकांचं मत विचारायची भारी हौस. आधी कॉफी, मग बिस्किटं, मग मत. नियम दोनच. बोलण्याआधी नाव-पत्ता सांगायचा, आणि बोलायचं ते फक्त अध्यक्षांशी, आपापसात नाही. या वेळचा प्रश्न तसा सरळ होता. लायसन्स आलं की अधिकारी भाड्याची प्रत्येक खोली येऊन बघणार, आणि आग लागल्यावर बाहेर पडायला जिथे दुसरी वाट नसेल त्या खोलीला कुलूप लावणार.

हेल्मीच्या खोलीला दुसरी वाट नव्हती. खिडकी होती, पण पावाच्या डब्याएवढी, आणि पाया असा दगडी की ती मोठी करायला गवंडी तयार होत नव्हता. तिथे वेंडेल मॅकफेल राहायचा. साठीचा माणूस, कागदाची गिरणी बंद पडल्यापासून शाळेत झाडलोट करायचा. नवरा गेल्यावर घरात काय ती तेवढीच जाग. खाली तो खोकला की वर हिला बरं वाटायचं. दर गुरुवारी ती वाटाण्याचं सूप करायची, तिच्या आईकडची रीतच होती ती, आणि पातेलं घेऊन जिना उतरायची. तो दारातच पातेलं घ्यायचा, थँक यू मिसेस रंटाला म्हणायचा, की ही लगेच वर. भाडेकरूच्या खोलीत डोकवायचं नाही, हे तिने कटाक्षाने पाळलं होतं. खोली बंद झाली तर आपण एकटीने काय भिंतींशी बोलायचं, या धास्तीनेच ती एवढ्या बर्फातून गाडी हाकत आली होती.

डावीकडच्या माइकवर पुढचा माणूस आला. टोपी काढून हातात धरलेली.

"वेंडेल मॅकफेल," तो म्हणाला. "अठ्ठेचाळीस, टॅमरॅक स्ट्रीट. तळघर."

हेल्मीला वाटलं, बिचारा चुकून त्या रांगेत गेला. पण तो चुकला नव्हता. खोली बंद झाली तर मी कुठे जाणार ते मला माहीत नाही, असं त्याने आधीच सांगून टाकलं. तरीही लायसन्स आणा म्हणाला. घरमालकिणीबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

मग हिचा नंबर आला. नाव सांगून झालं, पण पत्त्याशी येऊन ती अडली. मतं लिहून घेणाऱ्या क्लार्कने पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे तिने अठ्ठेचाळीस, टॅमरॅक स्ट्रीट असं सांगितलं. हॉलमधल्या खुर्च्या करकरल्या. सगळी डोकी एकदा इकडे वळली, एकदा तिकडे. मागचा घरमालक फिसकन हसला, मेल्याला तेवढंच.

घरून पाठ करून आणलेलं सगळं ती विसरली. आम्ही दोघं घरच्यासारखे राहतो, हे पहिलंच वाक्य होतं, ते काही केल्या तोंडातून निघेना. ती माइक सोडून हॉलच्या पलीकडे बघत म्हणाली, "वेंडेल, तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"मिसेस रंटाला, आपापसात नको," अध्यक्षबाई म्हणाल्या. "माझ्याशी बोला."

"मग तुम्ही विचारा त्यांना. मला का नाही सांगितलं, एवढंच विचारा."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि उत्तर द्यायचं असेल तर द्या, असं मिस्टर मॅकफेलना सांगितलं. वेंडेल तोवर खुर्चीत जाऊन बसला होता. तो तिथेच उठून उभा राहिला.

"मॅडम, त्यांना सांगा, जी बाई दर आठवड्याला गरम सूप घेऊन दारात येते तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मला त्या घरातून जायचं नाहीये. पण वर यायला जिना एकच आहे. मी झोपताना पायातले बूट काढत नाही."

एवढं बोलून तो खाली बसला. इतकी वर्षं खालचा खोकला ऐकून हेल्मी वर निर्धास्त झोपत होती.

विरोध म्हणून लिहू ना, असं क्लार्कने विचारलं. नको, तिकडे लिहा, म्हणून तिने डावीकडे बोट दाखवलं. क्लार्क बिचारा ओशाळला. या माइकवरून तसं लिहिता येत नाही म्हणाला, तिकडच्या रांगेत उभं राहावं लागेल, अगदी शेवटी.

ती पर्स घेऊन निघाली. बारा घरांचा मालक काहीतरी पुटपुटला, तिने लक्ष दिलं नाही. वेंडेलच्या खुर्चीपाशी ती थांबली. तो बसची वेळ झाली म्हणून कोट चढवत होता.

"माझी गाडी आहे," ती हळूच म्हणाली.

"तुम्हाला अजून वेळ लागेल, मिसेस रंटाला," तो म्हणाला आणि टोपी घालून दाराकडे वळला.

दोघांना जायचं होतं एकाच घरी. तो बसने गेला. हेल्मी डावीकडच्या रांगेत जाऊन शेवटी उभी राहिली. तिच्या मागे कोणी नव्हतं.