दुसरी चप्पल

गाडी दारात येऊन उभी राहिली आणि आत्याची एक चप्पल सापडेना. उजवी पायात, डावी बेपत्ता. तिने खाटेखाली पाहिलं, शिलाई मशीनमागे पाहिलं, चिंध्यांचं गाठोडं सोडून पाहिलं. मग कंबरेवर हात ठेवून भाचीकडे वळली. पोरगी आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसली होती, तोंडात बोळा कोंबल्यासारखी.

निघता निघताही हात शिवशिवलेच का, असं आत्याने विचारलं.

चोरी कशाची करावी, एवढीही अक्कल या पोरीला नव्हती. जे उचलायची ते एकच. बदली होऊन निघालेल्या पोस्टमनचा एक हातमोजा. सुट्टीला आलेली शेजारणीची लेक परत निघाली, तेव्हा तिच्या बाळाचा एक मोजा. माणूस अर्ध्या वाटेवरून माघारी यायचा, आत्याच्या दारात उभा राहून चार शब्द सुनावायचा. गल्लीने पोरीचं नाव उंदरी पाडलं. शेजारीण वर हसून म्हणायची, तुमची उंदरी गावभर कुरतडते, तुमचं मात्र कधी काही जात नाही हो. ते खरं होतं. आणि का कोण जाणे, आत्याला ते टोचायचं.

आत्याने काही करायचं शिल्लक ठेवलं नव्हतं. पट्टीने बडवलं. उपाशी ठेवलं, आणि त्या दिवशी आपल्याही घशाखाली घास उतरला नाही हे कुणाला कळू दिलं नाही. प्रत्येक वस्तू पोरीला स्वतःच्या हाताने परत द्यायला लावली. पोरगी मान खाली घालून द्यायची, पण डोळे असे चमकायचे, जसं काही बक्षीसच मिळालंय. कोडगी, दुसरं काय.

मग शाळेच्या मोठ्या बाईंचा कोट शिवायला आला. मापाला यायच्या तेव्हा त्या पोरीला जवळ बसवून घेत, गप्पा मारत. कोट न्यायच्या दिवशी त्याची एक बाही गायब. आत्याच्या मशीनवरून आजवर बटण हरवलं नव्हतं. गिऱ्हाइकासमोर नाक कापलं गेलं. वसतिगृहात धाडायचं ठरलं ते त्याच दिवशी.

पोरीला आत्याशिवाय दुसरं होतं कोण? बाप वारला. आई लांबच्या शहरात काम बघते म्हणून गेली, ती गेलीच. वर नणंदेच्या कोऱ्या चपला पायात घालून गेली. हे आत्या आल्यागेल्याला अजून ऐकवायची.

"ऊठ," आत्या म्हणाली, आणि ट्रंक उघडली.

फ्रॉकच्या घडीखाली तिची चप्पल होती, स्वच्छ पुसून कागदात गुंडाळलेली. आत्याने ती उचलली. तिच्याखाली आणखी एक कागद होता, जुना, मऊ पडलेला. त्यात बाईमाणसाची एक सँडल. टाच एका बाजूने झिजलेली, पट्ट्याला आत्यानेच घातलेला टाका.

आत्याला ती सकाळ आठवली. वहिनी घरभर सँडल शोधत होती, गाडी चुकेल म्हणून कावली होती. शेवटी दारातल्या आत्याच्या चपला पायात सरकवून तशीच पळाली होती.

"एकच का घेतेस गं?" आत्याने विचारलं.

"दोन्ही घेतल्या तर माणूस नवीन आणतो," पोरगी म्हणाली. "एक घेतली की शोधायला परत येतो."

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. आत्याने सँडल पहिल्यासारखी गुंडाळली. शेजारी आपली चप्पलही गुंडाळून ठेवली. ट्रंक बंद केली आणि पायाने खाटेखाली सारली.

एका अनवाणी पायाने ती दारात गेली.

"तू जा बाबा," ती गाडीवाल्याला म्हणाली. "माझी चप्पल काही सापडत नाही."