रिकामं फिरवू नगं

रजेवर आलेला वीरधवल कॉफीच्या बिया दळणारं मशीन घेऊन आला आणि बायकोला शिकवून परत पलटणीत गेला.

आज कॉफी पाणचट झाली, म्हणून शिवांजली दळण बारीक करायला लागली. दळण जाड-बारीक करायची चकती मशीन चालू असतानाच फिरवायची असते. बिया संपल्या होत्या, तरी तिनं बटण दाबलं.

“रिकामं फिरवू नगं, पोरी. रिकामं जातं घरचं माणूस दळतं,” सासूबाई म्हणाल्या.

चकती फिरली तशी रिकाम्या मशीनमधून पांढरी भुकटी पडू लागली. ती माणसाच्या अंगासारखी ऊन होती. शिवांजलीनं घाबरून वायर उपटली. मशीन तरीही थोडा वेळ दळत राहिलं.

सासूबाईंनी खुंटीकडं बोट केलं. “हा मिलिटरीचा सदरा कुणाचा गं?”

“आवं, ह्यांचा की.”

“ह्यांचा म्हंजे कुणाचा?”

शिवांजली सांगायला गेली, आणि तिला नाव आठवेना, चेहराही आठवेना.