फाटकावरचा आकडा

सरकारी तेल कंपनीच्या नव्या रिफायनरीचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथला सेफ्टी ऑफिसर. फाटकावरच्या बोर्डावर सगळ्या कामगारांच्या मिळून झालेल्या विनाअपघात तासांचा आकडा रोज सकाळी मीच बदलायचो. एक कोटी तास व्हायला जेमतेम चार दिवस उरले होते, सत्काराला मंत्री येणार होते, आणि नेमकं तेव्हाच आमच्या एका फिटरचं बोट दोन पाइपांच्या मध्ये चिरडलं. दोन पेरं गेली.

त्याला मी साइटच्या अँब्युलन्सऐवजी माझ्याच गाडीतून बाहेरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत समजावलं, "घरी दारात सापडलं म्हणून सांग. धाकटीनं खेळताना दार लोटलं म्हण. घरीही सगळ्यांना हेच सांगून ठेव, उद्या कंपनीचा माणूस चौकशीला आला तर पंचाईत नको."

तो एवढंच म्हणाला, "साहेब, पण धाकटीचं नाव कशाला?"

"अरे, पाच वर्षांची पोर ती! तिला काय कळतंय?"

एक कोटी तास झाले. मंत्र्यांच्या हातून ट्रॉफी मलाच मिळाली.

महिन्याभरानं, मन खातच होतं म्हणून, फळं घेऊन त्याच्या घरी गेलो. बोटाचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. निघालो तेव्हा धाकटी मला सोडायला दारापर्यंत आली आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिली.



"काका, दार तुम्हीच ओढून घ्या हं. मी लावलं की बोटं तुटतात."