तुळसाबाईच्या गोळ्या

"आधी डोळ्यापुढे काचा चमकतेत, डॉक्टरसाहेब. डाव्या बाजूनं. मंग अर्धं डोस्कं फुटते, उलटी होते. आन् मंग फिट."

धंतोलीतल्या दवाखान्यात देवाजी बायकोचं दुखणं सांगत होता. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा होता. तुळसाबाई स्वतः आली नव्हती.

"फिट किती वेळ राहते?" डॉक्टर बोकऱ्यांनी विचारलं.

देवाजी अडखळला. "ते नाही सांगता येत."

"आणि शुद्धीवर आल्यावर?"

"जीभ चावलेली राहते. अंग ठणकते. मधलं काहीच आठवत नाही."

डॉक्टरांनी समजावलं. अर्धशिशी वेगळी, अपस्मार वेगळा. पण काही रोग्यांत एकीच्या मागोमाग दुसरा येतो. "त्यांना घेऊन या. तपासल्याशिवाय मी औषध देत नाही."

"नाही जमत, साहेब. फिट येते म्हणून कोणाले समजलं, तं संपलं सारं. दोन पोरी आहेत लग्नाच्या."

डॉक्टरांच्या धाकट्या बहिणीला याच दुखण्यापायी सासरच्यांनी परत आणून सोडलं होतं. त्यांनी कागद ओढला आणि तुळसाबाईच्या नावानं गोळ्या लिहिल्या.

"सुस्ती येईल. चुलीपाशी, विहिरीपाशी एकटं जाऊ देऊ नका. आणि पंधरा दिवसांनी त्यांना आणायचंच."

देवाजीनं त्यांचे पाय धरले.

पंधरा दिवसांनी तुळसाबाई आली. एकटीच. डॉक्टरांना बरं वाटलं.

"बसा, बाई. फिट कमी झाल्या का?"

तिनं तोच कागद टेबलावर ठेवला.

"आज त्यायच्या सदऱ्यात सापडला. याच्यावर माह्यं नाव काहून आहे? मले तं साधा तापही येत नाही."

डॉक्टरांनी कागद उचलला, परत ठेवला. "मग फिट कोणाला येतात?"

"त्यायलेच. नोकरी जाईन म्हणून कोणाले सांगितलं नाही आम्ही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पंधरा दिवस झाले, नुसते पेंगून राह्यले. आज तं कपाळ बांधूनच ड्यूटीवर गेले."

"कसली ड्यूटी?"

"बस चालवतेत ना ते, अमरावतीची. भरलेली गाडी हाये, साहेब. आता बाजारगावच्या पुढे गेली असन."